शम्साखालाचा उजवा पाय

शम्साखाला म्हटलं की मला आधी तिचा उजवा पाय आठवतो, चेहरा मागाहून. अनवाणी, टाचेला मेंदीचा विटलेला रंग, आणि ब्रेकच्या वर दोन बोटं अधांतरी धरलेला. मस्कतमध्ये शिकवणीच्या गाडीला शिक्षकाच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. खाला गाडीत शिरतानाच चपला काढायची, घरात शिरावं तशी, त्या सीटखाली सरकवायची आणि पाय तिथे नेऊन ठेवायची. ठेवायची म्हणजे टेकवायची नाही. बावीस वर्षं तो पाय तसाच हवेत होता.

"जूता बहरा होता है," ती म्हणायची. "तलवा सुनता है."

इथे गाडी शिकवायचं काम इथलीच माणसं करतात, तशी खाला अस्सल ओमानी. मूळची सूरची, म्हणजे मस्कतहून दोन-अडीच तासांवरच्या त्या बंदराच्या गावची, जिथे अजून लाकडी गलबतं बांधतात. पन्नाशीची, उंच, काळ्या अबायाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात. तो चष्मा ती फक्त खजूर निवडताना लावायची. शेजारी कहव्याचा थर्मास, डब्यात खजूर, आणि बिया टाकायला बडीशेपेची रिकामी डबी. जुलैच्या उन्हात एसी चालू असताना काच चार बोटं खाली, कारण गाडी कानानेही चालवायची असते. एसीची हवा फुकट जाते असं मी एकदा सुचवलं. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुन्हा कधी काही सुचवलं नाही. खरं सांगायचं तर सुचवलं, पण ते पुढे येईलच.

आमची तिची गाठ पडली ती केतकीमुळे. केतकी माझी मुलगी. सहावीत असताना ती शाळेत बोलेनाशी झाली. घरी सगळं ठीक, शाळेचं फाटक दिसलं की पोटात कळ. वर्षभर डॉक्टर, समुपदेशक, देवधर्म असं सगळं करून झालं आणि मग मी म्हटलं, मरू दे ती शाळा, मी शिकवते. मुक्त शाळेच्या परीक्षा तिने घरूनच दिल्या आणि बऱ्या गुणांनी दिल्या. डोंबिवलीहून माझ्या नणंदेचा दर रविवारी फोन असायचा, "वहिनी, पोरीची घरकोंबडी करून ठेवाल." मी फोन ठेवल्यावर तासभर भांडी आपटत असे. राग यायचा कारण भीती मलाही तीच होती.

मदिनत सुलतान काबूस या आमच्या वस्तीत आमच्यासारखी मुलांना घरी शिकवणारी चार घरं होती, आणि चारही घरांतली मुलं गाडी शिकायला खालाकडेच गेली. त्यामागे काही मोठं तत्त्व नव्हतं. बाकीची मुलं संध्याकाळी मोकळी, तेव्हा रस्ते तुंबलेले. आमची मुलं सकाळी दहाला मोकळी. खालाला सकाळची गिऱ्हाइकं हवी होती, आम्हाला रिकामे रस्ते. पुढे पुढे ती या मुलांना ओळखायला शिकली. "ये घरवाला बच्चा लोग," ती मला म्हणाली, "किताब में फर्स्ट क्लास. लेकिन कोई बोलेगा तब करेगा."

केतकीला अठरा पूर्ण झाली आणि तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेरचं काहीतरी तिच्या मनासारखं घडलं. अल् खुवैरमध्ये एका पशुवैद्य बाईंचा दवाखाना आहे. आमच्या मांजराच्या निमित्ताने ओळख झाली. जनावर हाताळण्यातला केतकीचा हात बघून त्या म्हणाल्या, मदतनीस म्हणून ये, सकाळी सात ते एक, मी शिकवते. अट एकच, स्वतः यायचं. "जखमी कुत्रं आणायला मी तुला पाठवणार," त्या म्हणाल्या, "तेव्हा काय आईला फोन करणार आहेस?" आमच्या घरापासून दवाखाना गाडीने दहा मिनिटं, पण मधे असा रस्ता की पायी ओलांडायची सोय नाही. तीन महिने जागा ठेवते, त्या म्हणाल्या. तीन महिन्यांत परवाना मिळाला तर मुलगी बाहेर पडणार, नाही तर पुन्हा जेवणाच्या टेबलाशी, माझ्यासमोर.

पहिल्या धड्याला मी मागच्या सीटवर बसले. वही घेऊन. घरी शिकवणाऱ्या आईला वहीशिवाय चैन पडत नाही. केतकी पहिल्याच गोल चौकाच्या तोंडाशी थांबली. मस्कतमध्ये गोल चौक पावलोपावली, आणि त्यांचा नियम सोपा, आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं आणि फट दिसली की शिरायचं. केतकीला फट दिसेना. म्हणजे दिसत होती, पण ती प्रत्येक फटीला विचारत होती, "मे आय गो?" पुन्हा, "मे आय?" मागे तीन गाड्या भोंगे वाजवू लागल्या तेव्हा खाला तिच्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "काय गो, कशाक थांबलंस?"

मी मागे उडालेच. काळ्या अबायातल्या ओमानी बाईच्या तोंडून चक्क मालवणी!

ती गोष्ट तिने नंतर सांगितली. सूरला तिच्या वडिलांचा गलबतं बांधायचा कारखाना होता आणि तिथे विजयदुर्गाकडचे एक सुतार होते, सगळे त्यांना मेस्त्री म्हणत. खालाचं हिंदी सगळं त्यांच्याकडून आलेलं, आणि हिंदी संपलं की मालवणी सुरू. पंधरा-सोळाची असताना वडिलांच्या पिकअपमधून फळ्या कारखान्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाळूवरून न्यायच्या होत्या, भाऊ बोटीवर गेलेले, म्हणून ही चाकामागे बसली. शेजारी मेस्त्री. गंमत अशी की मेस्त्रींना गाडी चालवता येतच नव्हती. शिकवणार काय? ते आपले सीटवर मांडी घालून बसायचे, विडी पेटवायचे आणि विचारायचे, "खंय?" कुठे? ही म्हणायची, तुम्ही सांगा. "माका काय विचारतंस? गाडी तुझ्या हातात आसा."

"बस, इतना सिखाया," खाला म्हणायची. "बाकी मैं खुद."

पुढे रीतसर शिकून, परीक्षा देऊन ती शिक्षिका झाली, पण गुरू कोण विचारलं की गाडी न येणाऱ्या त्या सुताराचंच नाव घ्यायची. तिच्या शिकवण्यात शब्द असे दोनच. चौक आला की "खंय?" आणि चूक झाली की "मरांदे", म्हणजे जाऊ दे. कुणाचा टायर कडेच्या दगडावर चढला तरी "मरांदे", कुणी सिग्नलला गाडी तीनदा बंद पाडली तरी "मरांदे". ओरडणं नावाला नाही. मात्र पोरांना ती त्यांच्या पहिल्या चुकीच्या नावाने हाक मारायची. एक मुलगा होता 'फुटपाथ', एक मुलगी 'वायपर'. आमची केतकी झाली 'मे-आय'. "यल्ला, मे-आय!" अशी हाक सकाळी दहाला खालून यायची. केतकीला हसू यायचं. शाळेत नावं ठेवली म्हणून गप्प झालेली मुलगी या नावाला हसते, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही नीट कळलेलं नाही.

आणि मांडीचं सांगायचं राहिलं. विद्यार्थी तयार झाला असं खालाला वाटलं की एके दिवशी, रस्ता मोकळा बघून, ती काही न बोलता ब्रेकवरचा पाय उचलायची आणि सीटवर मांडी घालून बसायची. मेस्त्रींसारखी. पट्टा लावलेला, हातात कहव्याचा पेला. थोडाच वेळ, पण तो दिवस पोरं विसरत नसत. "आज मांडी घातली!" असं घरी येऊन सांगत. आमच्या चार घरांत तो निकालच समजला जाई, पोलिसांची परीक्षा आपली नंतरची औपचारिकता.

दुसऱ्या धड्याला तिने मला गाडीतून उतरवलं. माझाच दोष. मी मागून "केतू, उजवीकडे बघ" म्हटलं, मग "सावकाश", मग "केतू, अगं ती पांढरी गाडी." खालाने केतकीला पेट्रोल पंपाशी गाडी उभी करायला लावली आणि मागे वळून मला दोन खजूर दिले.

"अम्मा, तुम उतरो. उधर चाय पियो. चालीस मिनट."

"मी काही बोलत नाही आता," मी म्हटलं.

"तुम बोलता नहीं," ती म्हणाली, "तुम्हारा पैर बोलता है. पीछे ब्रेक मारता है. मेरेको सुनाई देता है."

मी खाली बघितलं. माझा पाय खरंच समोरच्या सीटवर रेटलेला होता. मी उतरले. कोपऱ्यावरच्या हॉटेलात एका मल्याळी पोऱ्याने आणून दिलेला कडक चहा पीत चाळीस मिनिटं बसले आणि त्या बाईला मनातल्या मनात मराठीतून जेवढं बोलता येईल तेवढं बोलून घेतलं.

पण जित्याची खोड. गाडीत बसायची बंदी होती, घरात शिकवायची नव्हती. भारतीय आयांच्या एका व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी 'परीक्षेचा रस्ता' टाकला होता, इथून निघतात, दुसऱ्या चौकात सरळ, तिसऱ्यात उजवीकडे, असा. माझ्या अंगात मास्तरीण संचारली. जेवणाच्या टेबलावर मी तो अख्खा रस्ता मांडला. चौक म्हणून स्टीलच्या वाट्या, सिग्नल म्हणून मसाल्याच्या बाटल्या, गाडी म्हणून लिंबू. रोज संध्याकाळी केतकी लिंबू फिरवायची आणि मी उजळणी घ्यायची. पंधरा दिवसांत पोरीला रस्ता परवचा म्हणावा तसा पाठ. खालाला आम्ही यातलं काही सांगितलं नाही. मी तर म्हणत होते, बघा कशी सुधारली! खाला फक्त म्हणायची, "अच्छा चलाता है. बहुत अच्छा." आणि पाय तसाच हवेत. मांडी काही घालेना.

"अजून थांबू," खाला म्हणाली होती. मी थांबले नाही. तीन महिन्यांतले दोन गेले होते. मी हट्टाने परीक्षेची तारीख घ्यायला लावली.

पिंपांची परीक्षा, म्हणजे ओळीने ठेवलेल्या पिंपांमधून गाडी मागे नेणं, केतकी पहिल्या फटक्यात पास झाली. जे मोजता येतं त्यात ती कच्ची नव्हतीच. मग रस्त्यावरची परीक्षा. शेजारी पोलीस अधिकारी, मागे आपली पाळी येण्याची वाट बघणाऱ्या दोन अनोळखी बायका. पहिला चौक ठीक. दुसऱ्या चौकात आमच्या वाट्यांप्रमाणे सरळ जायचं होतं. अधिकारी म्हणाला, डावीकडे. एवढंच. केतकी चौकाच्या तोंडाशी थांबली. गाड्या गेल्या, फटी आल्या आणि गेल्या. मग तिने मान वळवून मागच्या सीटकडे बघितलं. तिथे मी नव्हते. त्या दोन बायका होत्या, त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

अधिकारी भला माणूस होता. "खलास, बिन्ती," म्हणजे झालं पोरी, तो म्हणाला, "पुन्हा ये, इन्शाल्ला." हे सगळं मला केतकीने सांगितलं, अगदी कोरड्या आवाजात, आणि खोलीचं दार लावून घेतलं. दाराबाहेर उभी राहून मी रडले. ती नापास झाली म्हणून नव्हे. तिने मागे वळून बघितलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी खाला पहिल्यांदाच वर घरात आली. टेबलावर वाट्या तशाच होत्या. तिने एक बाटली उचलली, वास घेतला. "ये क्या? सिग्नल?" मी मान डोलावली. "और ये लिंबू मे-आय?" मी पुन्हा मान डोलावली. मला वाटलं आता ही मला धुवून काढणार. तिने एकावर एक सगळ्या वाट्या रचल्या आणि माझ्या हातात दिल्या.

"अम्मा, इसमें खीर डालो. हम वापस आके खाएगा."

मग तिने केतकीच्या दारावर टकटक केली. "यल्ला. आज रस्ता नहीं है."

त्या सकाळी काय झालं हे दोघींनीही मला सांगितलं आणि दोघींचं जुळत नाही. केतकी म्हणते पहिल्या चौकाला त्यांनी अकरा फेऱ्या मारल्या, खाला म्हणायची चौदा. खालाने विचारलं, "खंय?" केतकी म्हणाली, तुम्ही सांगा. गाडी फिरतेय. "खंय?" पुन्हा फेरी. "व्हेअर डू यू वॉन्ट मी टू गो?" केतकी रडकुंडीला आली. खालाने खजुराची बी डबीत टाकली आणि म्हणाली, "मेरेको किधर भी नहीं जाने का. मैं सब जगह जाके आया. तुम बोलो."

कितव्या तरी फेरीला केतकीला राग आला. हे ती स्वतः सांगते. आयुष्यात पहिल्यांदा तिला चांगला सणसणीत राग आला, खालाचा, माझा, वाट्यांचा, आणि त्या रागात तिने समोर जो रस्ता आला त्यात गाडी घातली. पुढचा चौक आला. "खंय?" "डावीकडे," ही म्हणाली. का ते माहीत नाही. पुढे "उजवीकडे". शहर संपलं, डोंगर सुरू झाले, आणि एका खजुराच्या बागेपाशी, शेळ्यांच्या कुंपणाला लागून, रस्ताच संपला. "चुकला," केतकी म्हणाली. "कशाक चुकलो?" खाला म्हणाली. "बकरी है, छाया है, अच्छा जगह है." तिथल्या म्हातारीला सलाम करून त्यांनी तिच्याकडे कहवा घेतला. केतकीने एका करडाच्या पायातला काटा काढला, दवाखान्यात काढतात तसा. परत येताना वाट विचारली ती केतकीने, मोडक्यातोडक्या अरबीत, रस्त्यावरच्या परक्या माणसाला. आणि शहराच्या अलीकडच्या मोकळ्या सरळ रस्त्यावर शेजारी काहीतरी हललं म्हणून तिने नजरेच्या कोपऱ्यातून बघितलं.

खालाने पाय वर घेतला होता. मांडी घालून बाई खिडकीबाहेर बघत बसली होती.

त्या दिवशी खीर मी जरा जास्तच गोड केली होती. दोघींनी दोन दोन वाट्या खाल्ल्या. पुढच्या परीक्षेला अधिकाऱ्याने कुठे वळायला सांगितलं ते केतकीला आठवतसुद्धा नाही. जागेची मुदत संपायला चार दिवस राहिले असताना ती दवाखान्यात रुजू झाली. पहिल्या दिवशी गाडी खालच्या रस्त्याला लागेपर्यंत मी गच्चीत उभी होते, आणि माझा उजवा पाय कठड्यावर रेटलेला होता.

खालाने त्याच हिवाळ्यात शिकवणं सोडलं. गुडघा गेला. "बाईस साल दूसरे का गलती के ऊपर पैर रखके बैठा," ती हसून म्हणाली, "गुडघा क्या करेगा?" ती सूरला आपल्या घरी परत गेली. जाताना गाडीतली बडीशेपेची डबी केतकीला देऊन गेली. बिया नव्हत्या, धुतलेली होती.

मागच्या मार्चमध्ये केतकी म्हणाली, खालाला भेटून येऊ. सूरपर्यंत गाडी तिने चालवली. मी शेजारी बसले होते, आणि माझ्या पायाबद्दल मी काही बोलणार नाही. खालाचं घर समुद्रापासून दोन गल्ल्या आत, निळ्या फाटकाचं. ती काठी टेकत बाहेर आली, वाळली होती, पण चष्मा तसाच गळ्यात. केतकीचे दोन्ही गाल धरून तिने पाहिलं आणि "कैतकी" म्हणाली. खालाच्या तोंडून तिचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

जेवण झालं, मासे-भात, हाताला वास राहील असा. मग खालाला लहर आली की वडिलांच्या जुन्या कारखान्याची जागा दाखवायची. मी पर्स उचलली. खालाने काठी आडवी धरली.

"अम्मा, तुम चाय पियो. चालीस मिनट."

मी फाटकाशी उभी राहिले. खालाने गाडीचं दार उघडलं, बाहेर रस्त्यावरच चपला काढल्या आणि आत बसली. ही साधी गाडी, तिच्या बाजूला ब्रेक नाही. तिने पट्टा लावला. मग दोन्ही हातांनी तो उजवा गुडघा धरला, डॉक्टरने वाकवायला मना केलेला, दात आवळून तो वर घेतला आणि मांडी घातली. केतकीने गाडी चालू केली, आरशात बघितलं, आणि खालाकडे वळून विचारलं,

"खंय, खाला?"

खाला एवढ्या जोरात हसली की गल्लीतलं मांजर उठून गेलं. तिने समुद्राच्या बाजूला हात केला. गाडी गल्लीच्या तोंडाशी क्षणभर थांबली, फट बघून वळली आणि दिसेनाशी झाली. शम्साखालाला गाडीतून जाताना मी शेवटचं पाहिलं ते असं, मागच्या काचेतून, एक हात खिडकीबाहेर.

चपला तिथेच राहिल्या होत्या, रस्त्यात, उन्हात. तापतील म्हणून मी त्या उचलून भिंतीच्या सावलीत ठेवल्या आणि शेजारी पायरीवर बसले. चाळीस मिनिटं झाली, मग तास झाला. मी फोन केला नाही.